गाफ खलास!

आमच्या ऑफिसात फायलींपेक्षा किस्से लवकर साचतात. फायलीला तीन सह्या लागतात, किश्शाला एक टँकर पुरतो!

मी वाळवंटातल्या आगी रोखणाऱ्या एका कंत्राटी कंपनीत वायरलेस सांभाळते. हे सांगितलं की लोक हसतात. "वाळू पेटते होय?" वाळू नाही हो पेटत. पण हिवाळी पावसानंतर गवत उगवतं, वाळतं, आणि नेमकं त्याच गवतात अख्खं शारजा वीकेंडला बार्बेक्यू घेऊन येतं. माझ्या लेकीनं शाळेत सांगितलं, "माय मॉम टेल्स पीपल नॉट टू कुक." नवऱ्याचं म्हणणं, घरीही तेच चालतं.

टँकर चालवतात परकारचाचा. दापोलीकडचे, हाजी, बावीस वर्षं याच वाळूत. या सीझननंतर रिटायर होऊन गावी जाणार. आमच्या हद्दीत गाफची झाडं आहेत. गाफ म्हणजे आपली शमीच, पण इथं तिला असं संरक्षण की फांदी तोडली तरी दंड. चाचांना सर्व्हिसच्या कागदावर एकच ओळ हवी होती: जळालेली झाडं, शून्य. "बाकी काय नको. तेवढा शून्य द्या," म्हणायचे.

*

मॅनेजर कुलकर्णी सर पुण्याहून नवीन आलेले. आल्या आल्या पाच भाषांत पोस्टर छापून मोकळे: 'निघताना निखाऱ्यांवर वाळू टाका.'

चाचांनी टँकर जागचा हलवला नाही. "सर, आमची आय रोज विस्तव राखेखाली झाकून ठेवायची. कशाला? सकाळी परत पेटवायला! तुम्ही तर लोकांना विस्तव जपायला शिकवताय!"

"अहो, पण पाचशे पोस्टर छापून झालीत!"

"मग त्यांच्यावर पाणी टाका."

पोस्टर बदललं. जुन्यांच्या कोऱ्या बाजूवर मी अजून रजेचे अर्ज लिहिते.

*

मग सरांना वाटलं, लोकांशी आपण स्वतः बोलावं. एका अरब आजोबांच्या शेकोटीपाशी गेले. आजोबांनी आधी कॉफी पुढे केली. इथला रिवाज असा की पुरे झालं की रिकामा कप हलवायचा. नाही हलवला तर यजमान ओततच राहतो. सरांना हे कुठलं ठाऊक! नाही कसं म्हणायचं म्हणून पीत राहिले.

मी वायरलेसवर विचारलं, "चाचा, आग विझली का?"

"आपोआप विझली. सरांचा नववा कप चालू आहे."

*

दसऱ्याला तर कहर झाला. दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्स वसाहतीतली दहा-बारा मराठी कुटुंबं शमीपूजनाला थेट आमच्या सगळ्यात जुन्या गाफखाली! सर्वांत पुढे, सोवळ्यात, कुलकर्णी सर. ताटात कापूर, निरांजन, आणि पायाखाली वाळकं गवत.

चाचा टँकरचा पाण्याचा होज घेऊन उतरले. "आरती म्हणा बेशक. कापूर माझ्याकडे द्या."

"इश्श, कापराशिवाय कसली आरती?" एक काकू म्हणाल्या.

"काकी, तुमच्या देवाला झाड जळलेलं चालेल काय?"

काकूंनी कापूर चाचांच्या हातावर ठेवला. सरांनी सोनं म्हणून चार पानं तोडायला हात वर केला.

"सर, सोनं दुबईतनं घ्या. यापेक्षा स्वस्त पडेल!"

आरती टाळ्यांवर झाली. सगळे वेगवेगळ्या चालीत. ठेका धरला होता तो एकट्या चाचांनी, होजच्या पितळी तोंडावर बोटं वाजवून.

*

सीझनच्या शेवटच्या आठवड्यात त्याच झाडापाशी धूर दिसला. चाचा एकटेच पोचले. वीस मिनिटं वायरलेसवर नुसती खरखर. सर माईकवर ओरडले, "परकार! गाफ? गाफचं काय?"

"खलास, सर! खलास!"

इथं खलास म्हणजे काम झालं, आग विझली. पुण्यात खलास म्हणजे मेलं! मी समजावेपर्यंत सरांनी पालिकेला ईमेल ठोकलासुद्धा: 'संरक्षित वृक्षाच्या दुःखद निधनाचे वृत्त कळविण्यास अत्यंत खेद होतो.'

तासाभरानं चाचा आले. भुवया जळालेल्या, चेहरा काळाठिक्कर, पण स्वारी खुशीत. "एक पान नाय जळलं!"

तिकडे पालिकेच्या सिस्टिममध्ये मात्र नोंद पडली होती. जळालेली झाडं, एक. ते ऐकून चाचा खुर्चीत बसले. मला सरांचा कीबोर्ड वाळूत पुरावासा वाटला.

*

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं पालिकेच्या खिडकीवर. क्लार्क केरळचा, भला माणूस. त्यानं झाडाचा फोटो पाहिला, मान हलवली. "हबीबी, सिस्टिम में डेड को अलाइव करने का ऑप्शन नहीं है." वाट एकच होती. त्याच जागी नवं रोप लावल्याचा फॉर्म भरला, तर जळाल्याची नोंद निघते.

"भरा!" सर म्हणाले.

"मी खोटं नाय बोलणार," चाचा म्हणाले.

"कब लगाया?" क्लार्कनं विचारलं.

"कल," सर झटकन म्हणाले.

"हाइट?"

सर छताकडे बघायला लागले.

"नौ मीटर," चाचा म्हणाले.

क्लार्कनं चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. मग पुन्हा झाडाच्या फोटोकडे.

"पानी कौन देता है?"

"मैं. बाईस साल से."

"माशाल्ला," क्लार्क म्हणाला आणि शिक्का मारला.