नातीची भेट आणि माझा टीबी

"मावशी, टीबी आहे," डॉक्टर म्हणाले, आणि मला आधी आरोही आठवली. माझी नात, चार वर्षांची.

पल्मनरी टीबी, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे फुप्फुसाचा क्षय. खोकल्यातून, श्वासातून दुसऱ्याला लागतो. औषध नियमानं घेतलं तर बरा होतो, हेही ते म्हणाले होते. ते मला घरी आल्यावर आठवलं.

खोकला बरेच दिवस होता. कामरगावच्या दवाखान्यात स्पुटम, म्हणजे छातीतला बेडका, तपासायला मागितला. रांगेत माणसं होती. त्यांच्यासमोर खाकरायची लाज वाटली, म्हणून डबीत नुसती लाळ दिली. नर्सबाईंना हसू आलं. "मावशी, हे त थुका हाय. बेडका पायजे. लाजता कायले? तुमाले पाहाले पाहुणे आले काय इथं?"

बायांनो, तिथं लाजू नका.

त्याच दिवसांत आमचा कोर्टात अर्ज चालू होता. मुलगा आणि सून वैशाली वेगळे झाले होते. वैशाली आरोहीला घेऊन इंझोरीला माहेरी गेली होती. नात आम्हाला भेटू द्यावी, एवढंच आमचं मागणं. वकीलसाहेब म्हणाले, "टीबीचं तोंडातून काढू नका. ते लोक हेच धरतील."

गप्प बसणं मला जमतं. मी गप्पच बसणार होते.

पण पुढच्या वेळी डॉक्टरांनी विचारलं, "घरात लहान मूल होतं का?" होतं. "तेव्हा तुम्हाला खोकला होता?" होता. आरोही माझ्याच कुशीत झोपायची. वरण गरम असलं की मी फुंकर मारून भरवायची.

"मग तिची तपासणी व्हायलाच पाहिजे. लहान मुलांत हा मेंदूपर्यंत जाऊ शकतो."

सांगितलं तर नातीची भेट कायमची जाईल. नाही सांगितलं तर नातच जाईल. ह्यांना विचारलं. "मले काय इचारतं? लाव फोन," म्हणाले, आणि स्वतः अंगणात जाऊन उभे राहिले.

मी लावला. "वैशाली, मले टीबी निंगाला. पोरीले दाखवून आण."

ती म्हणाली, "आता सांगून राह्यल्या?" आणि फोन ठेवला.

पुढच्या तारखेला तिच्या वकिलांनी भर कोर्टात माझा आजार सांगितला. मी पदर तोंडावर धरला. जज्जसाहेबांनी डॉक्टरांचा दाखला मागितला, तोवर भेट नाही. आरोहीचं काय निघालं, हे विचारायची सोय नव्हती. गोळ्यांनी लघवी लाल व्हायची, पोटात ढवळायचं. एकही गोळी चुकवली नाही. प्रत्येक गोळीबरोबर तीच भीती, पोर तिकडे खोकत असेल का?

पुढची तपासणी निगेटिव्ह आली, म्हणजे बेडक्यात जंतू दिसले नाहीत. आता लागण होणार नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. डॉक्टरांचे आणि त्या हसणाऱ्या नर्सबाईंचे उपकार मी विसरणार नाही. कोणावर अशी वेळ आली तर आधी लेकराची तपासणी करा. भेटीचं मागून पाहता येतं.

कोर्टानं भेट दिली, वाशीमला, कोर्टातल्याच खोलीत, आईसमोर. मी मास्क लावून भिंतीशी बसले. आरोही धावत आली, खुर्चीला अडखळून पडली, आणि रडत गुडघा माझ्यापुढे धरला. "आजी, फुक मार."

मी वैशालीकडे पाहिलं.

"छाती साफ हाय तिची," ती म्हणाली. "होऊ नये म्हणून गोळ्या सुरू हायेत." मग दुसरीकडे पाहत म्हणाली, "मारा ना आता. रडून राह्यली ते."

मी मास्कातूनच फुंकर मारली.

"हवा येतच नाई. जोरानं मार."

मी जोरानं मारली. खोकला आला नाही.