काकांचा डबा
खोली भाड्याने देताना तुम्ही आधी माणूस बघता की त्याचं ताट?

लातुरातले आमचे घरमालक काका ‘मटण’ म्हणत नाहीत; आवाज खाली आणून ‘तसलं’ म्हणतात. पण मी तापाने पडलो, तेव्हा रोज डब्यातून मुगाची खिचडी त्यांनीच आणून दिली. मुखेडहून आलेल्या माझ्या आईने, रिकामा डबा परत कसा द्यावा, म्हणून त्यात सुकं मटण भरून दिलं. काकांनी झाकण उघडलं आणि डबा उंबऱ्याबाहेर ठेवला.

“तसलं माझ्या भांड्यात? डबा तुमच्याकडंच ठेवा. आन् खोली सोडा.”

आई म्हणाली, “मालक, आमच्यात मानाच्या माणसाला हेच वाढतेत.”

मी दुसरी खोली शोधतो आहे. तुमच्याकडे असेल, तर एवढंच विचारा: कधी येताय?