चिलटांची जात

बाबांनी ताईच्या नावानं अंघोळ केली तेव्हा मी अठरा वर्षांची होते. कॉलेजला उशीर होत होता म्हणून नळावर घाईघाईनं तोंड धूत होते. त्यांनी मला बाजूला व्हायला सांगितलं, नेसत्या धोतरासकट दोन बादल्या डोक्यावर ओतल्या आणि म्हणाले, "संपलं." अमक्याच्या नावानं अंघोळ केली असं लोक रागानं बोलतात, पण खरोखर कोणी पाणी ओतत नाही. आमच्या इंदूरच्या, मल्हारगंजातल्या घरात ते ओतलं गेलं, आणि ओल्या फरशीवरून आई घसरू नये म्हणून मीच ती पुसली.

ताईनं आदल्या दिवशी महूला लग्न केलं होतं. ती शिकवायची त्याच शाळेत मुलगाही शिक्षक होता. घर बौद्ध, आजोबा पलटणीत होते. आमचे पणजोबाही फौजेतलेच, फक्त संस्थानाच्या. दोन्ही घरांत तीच हिंदी घुसलेली मराठी बोलली जायची. पण बाबांना ते सांगायची सोय नव्हती. संस्थान गेलं, मग मध्य प्रदेश झाला, कचेरीतले मोठे साहेब भोपाळला गेले, आणि बाबांचा हुकूम चालायला घर तेवढं उरलं. तो त्यांनी पुरेपूर चालवला.

एम.एस्सी. झाल्यावर मला संशोधनाचं वेड लागलं. विषय होता फळांवरची चिलटं. पेरू-केळी जास्त पिकली की घोंघावतात तीच. त्यांच्यातल्या दोन अगदी सारख्या दिसणाऱ्या जाती एकमेकींपासून किती काळापूर्वी वेगळ्या झाल्या, हे मला शोधायचं होतं. चिलटं चिरडून त्यांचा रस बटाट्याच्या सत्त्वाच्या थिजवलेल्या वडीत घालायचा, वडीतून वीज सोडायची आणि वर रंग ओतायचा. मग प्रथिनांचे पट्टे उमटतात. दोघींचे पट्टे एका जागी आले तर तो एकाच पूर्वजाचा वारसा, सरकलेले दिसले तर मधे काळ गेला. जितके जास्त सरकलेले, तितका जास्त काळ.

बाबा म्हणाले होते, पुढं शिकायचं काही कारण नाही. एका संध्याकाळी त्यांनी विचारलं, करतेस तरी काय. मी सोपं करून सांगितलं, "दोन जाती कधी वेगळ्या झाल्या, ते शोधते."

बाबा पहिल्यांदाच माझ्याकडे कौतुकानं बघत म्हणाले, "म्हणजे जाती वेगळ्याच असतात. सायन्सपण तेच बोलतं."

मी स्पीशीज म्हणू शकले असते. माणसांची सगळ्यांची मिळून एकच जात असते, हे एक वाक्यही तोंडाशी आलं होतं. पण त्यांनी मान डोलावली होती, परवानगी मिळाली होती. मी हसून पाणी प्यायला उठले. त्या दिवसापासून येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगत, की आमची धाकटी जातींवर काम करते.

चिलटं पकडायला मी दर पंधरा दिवसांनी महूला जायची. तिथल्या घाटाकडच्या झाडीत दोन्हींपैकी एकच जात सापडायची, आणि इंदूरच्या फळबाजारात दोन्ही. बरण्यांत कुस्करलेलं केळं घालून त्या ठेवायच्या. आई म्हणायची, घरातल्या माणसांना नाही आणि चिलटांना शिकरण. मग त्याच पिशवीत बरण्यांच्या खाली ती हळूच काहीतरी सरकवायची, कधी कुरडया, कधी ताईच्या मुलासाठी शिवलेलं झबलं. येताना ताई लोणचं द्यायची. आई ते स्वतःचं म्हणून वाढायची आणि बाबा आवडीनं खायचे. मला या चोरट्या ये-जा करण्यात मजा वाटायची, हे खरं सांगते.

तिसऱ्या वर्षी माझी आकडेमोड फसली. बाजारातली चिलटं तपासली की दोन जाती अलीकडे वेगळ्या झाल्याचं निघायचं, आणि त्यातल्या एकीची महूची चिलटं घेतली की फार पूर्वी. मी सगळं पुन्हा केलं, वड्या बदलल्या, उत्तर तेच. माझ्या मार्गदर्शक सरांनी दोन्ही वह्या शेजारी ठेवून पाहिल्या आणि शांतपणे म्हणाले, "बेटा, तू अलग होने की तारीख नहीं नाप रही. आख़िरी मुलाक़ात नाप रही है."

चूक माझ्या गृहीतकात होती. एकदा वेगळ्या झाल्या की पुन्हा संबंध नाही, असं मी धरून चालले होते. पण बाजारात या दोघी एकाच सडक्या पेरूवर बसत, अधूनमधून त्यांचा संकर होई, आणि एकीचे पट्टे दुसरीकडे जात. त्यामुळे त्या खऱ्यापेक्षा जवळच्या दिसत. मग सरांनी सुचवलं, की देवाणघेवाण होऊनही बाजारात जे पट्टे कधीच मिसळत नाहीत ते वेगळे काढ. संकराचे नर बहुधा वांझ निघत, म्हणजे काही गोष्टी पलीकडे जाऊ शकत नव्हत्या. जुनी तारीख त्या न मिसळणाऱ्या पट्ट्यांत टिकून होती. तरीही एक आकडा मिळणार नव्हता. इथपासून तिथपर्यंत, एवढंच लिहिता येणार होतं.

त्याच वर्षी आईच्या पोटात गाठ निघाली. तुकोगंजच्या डॉक्टरांनी बाबांना बाहेर नेऊन सांगितलं, की आता घरीच ठेवा. आईला कोणी काही सांगितलं नाही, पण तिला कळलं असावं. तिनं एकच मागितलं, ताईला एकदा बघायचंय.

बाबांना विचारायचं धाडस काकांनी केलं. बाबांच्या पाठचे ते, कृष्णपुऱ्याजवळ राहायचे. त्यांनी आईच्या खोलीतच, आईसमोर विषय काढला. भाऊ, आता किती दिवस राहिले, येऊ दे पोरीला, असं ते म्हणाले. बाबांनी माझ्याकडे बोट केलं.

"हिला विचार. ही पढी-लिखी आहे. जाती एकदा अलग झाल्या की झाल्या. काय गं?"

आई माझ्याकडे बघत होती. तिला माझी पिशवी ठाऊक होती, लोणचं ठाऊक होतं. तीन वर्षं वह्यांत मी काय शोधलं तेही मी तिच्या पायांना तेल लावताना तिला सांगितलं होतं, आणि तिला ते माझ्यापेक्षा लवकर समजलं होतं. मला फक्त नाही म्हणायचं होतं. पण प्रबंध द्यायला दोन महिने उरले होते. बाबा बिथरले तर महूच्या फेऱ्या बंद होतील आणि शेवटचे नमुने राहतील, हे माझ्या मनात आलं. आईच्या समोर उभी राहून मी नमुन्यांचा विचार केला.

"चिलटांचं तसं असतं," मी म्हणाले. हे तर चिलटांच्या बाबतीतही खोटं होतं.

आईनं डोळे मिटले. काका उठून गेले. नंतर मला सुचलं, की ताईला दवाखान्यात बोलावता आलं असतं, बाबा कचेरीत असताना आणता आलं असतं. हे सगळं नंतर सुचलं. मधे एकदा महूला गेले तेव्हा ताईला मी एवढंच सांगितलं, की आईला जरा अशक्तपणा आहे. खरं सांगितलं तर ती तडक निघून येईल, अशी मला भीती वाटली.

आई गेली. तार करायला मी निघाले आणि कोपऱ्यावरून परत आले. बाबांनी नको म्हटलं होतं. दहावा झाला, तेरावा झाला, आणि चौदाव्या दिवशी सकाळी मी बरण्या न घेता महूची बस पकडली.

ताई अंगणात गहू निवडत होती. माझी रिकामी पिशवी तिनं आधी पाहिली, मग माझा चेहरा.

"कधी?"

"तेरा दिवस झाले."

ती सुपातल्या गव्हांत बोट फिरवत मागं मोजत गेली. मग म्हणाली, "त्या दिवशी मी तिच्यासाठी लोणचं भरत होते. तू येशील म्हणून." बरणी आत फडताळात होती, फडकं बांधलेली.

मी सगळं सांगितलं. काका काय म्हणाले, बाबांनी काय विचारलं, मी काय उत्तर दिलं. काही लपवलं नाही. वाटलं, ती रडेल, मला मारेल तरी. ती उठली आणि मोरीत गेली. पाण्याचा आवाज आला, एक बादली, मग थांबून दुसरी. बाहेर आली ती ओल्या पातळानं, केस निथळत.

"पहिली आईच्या नावाची," ती म्हणाली. "दुसरी कुणाची, ते विचारू नकोस. साडेअकराची बस मिळेल तुला."

प्रबंध मान्य झाला. त्यात दोन जाती कधी वेगळ्या झाल्या त्याचं उत्तर इथपासून तिथपर्यंत असंच दिलं आहे, आणि परीक्षकांनी त्या सावधपणाचं कौतुक केलं होतं. ताईची आणि माझी तारीख मात्र मला वारासकट सांगता येते. त्यानंतर काही देणंघेणं झालं नाही, त्यामुळे हिशेबात काही गडबड नाही. मंगळवार होता, आणि बस वेळेवर आली.