बाबाले देव दिसला

अमरावतीला पाद्रीसाहेबांना मी मराठी शिकवायचो. त्यांच्या दिवाणखान्यात मोठं विलायती चित्र होतं: गुडघे टेकलेला म्हातारा साधू, वर गुलाबी ढगांतून उतरणारा बाळदेव आणि भोवती पंखांची गुबगुबीत पोरं. झाडलोट करणारी बाई त्या पोरांना रोज दटावायची, "हळू खेळा रे, बाबा देव पाहून राह्यला."

त्या वर्षी कापसाला सोन्याचा भाव होता. एका दुपारी शेजारची कापसाची गंजी पेटली आणि ठिणग्या बंगल्याच्या गवती छपरावर आल्या. सगळे कापूस वाचवायला धावले. ही बाई मात्र बंगल्यात शिरली आणि चित्र कवटाळून बाहेर आली. पदर जळला होता.

"कापूस सोडून हे कशाला, बाई?" मी ओरडलो.

ती हसली. "कापूस पुढच्या साली पिकन, पंतोजी. बाबाले देव पुन्हा कवा दिसन?"