साडूभाऊंची डुक्कर फियाट

खरेदी करावी तर ती आमच्या थोरल्या साडूभाऊंनीच. आपण बाकीचे सगळे दुकानात जातो, पैसे देतो आणि वस्तू घरी आणतो. त्याला खरेदी म्हणत नाहीत. अख्ख्या छत्रपती संभाजीनगरात, मी तर म्हणतो पार सिल्लोडपासून खुलताबादपर्यंत, त्यांच्याइतकं जातिवंत गिऱ्हाईक दुसरं दाखवा, मी माझं नाव बदलून घेतो. साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या अक्काचे यजमान. नोकरी आयुष्यभर पाटबंधारे खात्यात कारकुनाची, पण रक्तात बाजार. घराणं मेंढपाळांचं. वडील मेंढरं राखता राखता सिल्लोडच्या बैलबाजारात सौदे जुळवून देऊ लागले, आणि हे त्यांच्या धोतराचा सोगा धरून त्या बाजारात वाढले. त्यामुळे जनावर कसं घ्यावं याचे सगळे कायदे यांच्या हाडीमाशी खिळले. पुढं जनावरं गेली, कायदे राहिले. साडूभाऊ आजही मिक्सर घेतात तो बैल घेतल्यासारखाच.

आमच्याकडं फ्रिज घ्यायचा होता तेव्हाची गोष्ट. जालना रोडवरच्या दुकानात शिरता शिरता त्यांनी मला बजावलं, "पसंत पडला तरी तोंडावर दिसू देऊ नका. मालाकडं बघायचंच नाय, भिंतीकडं बघायचं." मी मुकाट भिंतीकडं बघत उभा राहिलो. यांनी फ्रिजला प्रदक्षिणा घातली, पाठीवर थाप मारली, दार उघडून दात तपासावेत तसे कप्पे तपासले आणि विक्रेत्याला आपला ठरलेला प्रश्न टाकला, "खोड सांगा." बैलबाजारात रीतच अशी, की जनावर मारकं असेल, ओझं घेताना बसत असेल, तर ती खोड विकणाऱ्यानं आपल्या तोंडानं आधी सांगायची. टाय लावलेल्या त्या बिचाऱ्याला हे कुठून ठाऊक? "काका, नवा कोरा पीस आहे, खोड कसली?" "नव्या गोऱ्ह्याला बी खोड असती. सांगा, मग बोलू." असं बराच वेळ चाललं. शेवटी तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "काका, जरा आवाज करतो." साडूभाऊंचा चेहरा खुलला. "आता कसं! द्या बांधून." तो फ्रिज आजही घरघरतो, पण आम्हाला फसवलं असं म्हणायची सोय नाही.

पण मी कोणत्या तोंडानं हसू? मलाही त्यांनीच पसंत केलेलं आहे. सासऱ्यांबरोबर मला बघायला आले, पोहे खाल्ले आणि म्हणाले, "चला, पान खाऊन येऊ." वाटेत बघतो तर हे सारखे मागं राहतात. मी थांबलो की तेही थांबतात. मला वाटलं, दम लागत असेल माणसाला. लग्नानंतर बायकोनं सांगितलं, की ते मागून माझी चाल बघत होते. घरी जाऊन त्यांनी निकाल दिला होता, "पाय बरे हायेत. जरा आडमुठा वाटतो, पण कामाला चालंल." आता बोला! या शिफारशीवर माझा संसार उभा आहे.

गंमत म्हणजे सगळ्या गणगोताची खरेदी करणाऱ्या या माणसानं स्वतःसाठी कधी काही घेतलं नाही. स्कूटर बदली होऊन गेलेल्या साहेबाची, घड्याळ सासऱ्यांचं, शर्ट पोरांचे जुने. अक्का वैतागायची, "अहो, तुमच्या आवडीचं एक तरी काही आणा की घरात!" त्यावर हे म्हणायचे, "मला काय लागतंय?" आणि खरंच काही लागत नाही असं आम्हीही सोयीस्करपणे धरून चाललो होतो. निवृत्तीनंतर पुण्याच्या पोरांनी त्यांना मोबाइल घेऊन दिला, आणि त्या मोबाइलवर एका दुपारी त्यांना ती दिसली. जुनी, काळीभोर फियाट. पुढची दारं उलटी उघडणारी, नाक पुढं आलेलं. आपल्याकडं जिला लोक सरळ 'डुक्कर फियाट' म्हणतात ती. हे नाव मी घेतलं तर साडूभाऊ माझ्यावर असे भडकले, की जणू मी अक्काला काही बोललो. "डुक्कर कुणाला म्हणता? खांदा बघा तिचा! लहानपणी आमच्या बाजारात एक व्यापारी असली गाडी घेऊन यायचा. सगळे त्याचे बैल बघायचे, मी गाडी बघायचो." बस्स. त्या दिवसापासून त्यांना जेवण गोड लागेना. अक्का माझ्या बायकोला म्हणाली, "लग्नाला इतकी वर्सं झाली, पण हे माणूस काही मागतंय असं पहिल्यांदाच बघतेय गं. ही गाडी त्यांना मिळालीच पाहिजे."

पण गाडी कुठं? तर पार तमिळनाडूत, निलगिरीच्या डोंगरात, कुन्नूरला. मालक एक म्हातारे डॉक्टर, फौजेतून निवृत्त झालेले. बायको वारली होती, डोळ्यांनी धड दिसत नव्हतं, आणि मुलगी त्यांना चेन्नईला आपल्या फ्लॅटवर न्यायला आली होती. बंगला विकला होता. गाडीला फ्लॅटवर जागा नव्हती. फौजेमुळं म्हातारबाबांना हिंदी येत होतं, तमिळ चालीवरचं. आणि यांचं हिंदी म्हणजे औरंगाबादी. या दोघांचं व्हिडिओवर बोलणं ऐकायला आम्ही कामं टाकून बसायचो. "साब, पैले तोंड दिखावो. अब पोट. अब जरा चला के बतावो, मैं पिच्छे से देखतूं." म्हातारबाबा निष्ठेनं मोबाइल फिरवायचे आणि आम्हाला निम्मा वेळ त्यांचा कान दिसायचा. ते किंमत सांगायला लागले की हे ओरडायचे, "नक्को साब, नक्को! किंमत मोठ्यानं बोलते नै. हाथ में बोलेंगे." बैलबाजारात भाव उघड बोलत नाहीत, उपरण्याखाली हात घालून बोटं दाबून ठरवतात. म्हातारबाबांना यातलं अवाक्षर कळलं नाही, पण हा माणूस घासाघीस करत नाही एवढं त्यांना आवडलं.

मग निघालो. मला का जुंपलं, तर मला इंग्रजी येतं हा आमच्या सासुरवाडीचा जुना गैरसमज. गाड्या बदलत, इडल्या खात कुन्नूरला पोचलो, आणि बंगल्याच्या मागं ती उभी असलेली दिसली. मी साडूभाऊंकडं बघितलं. सगळ्या जगाला 'तोंडावर दिसू देऊ नका' म्हणणारा हा माणूस उघड्या तोंडानं, डोळ्यांत पाणी आणून नुसता बघत उभा होता. त्या घडीला त्यांना कुणीही कसंही लुटून नेलं असतं.

पण लुटायला समोर कुणी नव्हतंच. म्हातारबाबा गाडीत जाऊन बसले होते, काचा वर करून. मुलगी कपाळाला हात लावून मला इंग्रजीत म्हणाली, "प्रत्येक गिऱ्हाईक आलं की अप्पा हेच करतात. आजवर आलेले सगळे कंटाळून परत गेले. उद्या-परवा बंगल्याचा ताबा द्यायचाय. आज सौदा झाला नाही तर भंगारवाल्याला बोलवण्यावाचून इलाज नाही." म्हटलं, साडूभाऊ, काचेवर टकटक करा, काहीतरी बोला! तर हे शांतपणे गवतावर मांडी घालून बसले. "मालकानं आपल्या हातानं सोडल्याबिगर जनावर न्यायचं नसतं. ओढून नेलं तर दावणीला टिकत नाय."

"अहो, पण उद्या भंगारात जाईल!"

"व्हय. जाईल." आवाज अगदी बारीक. नाही मिळाली तर हा माणूस परतीच्या वाटेवर एक शब्द बोलणार नाही, आणि पुन्हा जन्मात काही मागणार नाही, हे मला तिथं लख्ख कळलं. धुकं आलं, गेलं. मुलीनं कॉफी आणून दिली. दुपार कलली तेव्हा काच खाली झाली आणि आतून आवाज आला, "पूछो."

साडूभाऊ उठून दाराशी गेले. "खोड बोलो साब. बाकी कुछ नक्को."

आणि म्हातारबाबा जे सुरू झाले! "सुबह जल्दी उठता नहीं, बहुत मनाना पड़ता. चढ़ाई पे गुस्सा करता. बारिश में वाइपर सो जाता. गियर प्यार से डालो तो जाता, ज़ोर से डालो तो नहीं." आपल्या लेकराच्या खोड्या पाहुण्यांना सांगाव्यात तसे ते सांगत होते. "मेरा बीवी को इसमें उल्टी आता था. फिर भी हर संडे बोलता, चलो." इथं ते हसले, आणि दार उघडून खाली उतरले. साडूभाऊंनी खांद्यावरचं उपरणं त्यांच्या हातावर टाकलं, हात आत घातला आणि कोणतं बोट म्हणजे किती ते त्यांच्या कानात समजावलं. मी दुसरीकडं तोंड केलं. खालची बोटं काय बोलली ते मला आजतागायत माहीत नाही. एवढं खरं, की म्हातारबाबा दचकून म्हणाले, "इतना क्यों?" आणि साडूभाऊ म्हणाले, "मोठ्यानं नक्को बोलो."

मग शेवटची रीत. मालकानं जनावर स्वतः वेशीपर्यंत आणून द्यायचं. "साब, तुम चला के फाटक के बाहर लावो." मुलगी किंचाळली, "अप्पांना दिसत नाही!" मी माझं सगळं इंग्रजी गोळा करून विनवण्या केल्या. पण तोवर म्हातारबाबा स्टिअरिंगमागं ताठ बसले होते आणि साडूभाऊ त्यांच्या शेजारी. "थोडा बाये... बस्स... अब सिधा," असं म्हणत म्हणत ती गाडी फाटकातून बाहेर आली आणि वळणाशी उभी राहिली. मुलीनं आणि मी कोणत्या कोणत्या देवाला काय काय कबूल केलं ते पुसू नका. म्हातारबाबांनी गाडी बंद केली, किल्ली काढली, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं खिशात टाकली. खाली उतरून बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले.

मुलगी म्हणाली, "अप्पा, चाबी!"

त्यांनी गोंधळून किल्ली बाहेर काढली, पुढं केली. साडूभाऊंनी त्यांची मूठ आपल्या दोन्ही हातांनी मिटली. "ये तुम्हारेच पास रैने दो. आमच्यात जनावर देतात, दावं देत नाहीत. दावं मालकाकडं राहतं."

मुलगी माझ्याकडं बघायला लागली. आता दाव्याला इंग्रजीत काय म्हणायचं, आणि म्हटलं तरी तिला काय कळणार? पण म्हातारबाबांना कळलं. त्यांनी ती मूठ छातीशी धरली आणि फौजी माणसानं करावा तसा खाडकन सलाम ठोकला. माझे डोळे भरून आले हे सांगायला मला लाज वाटत नाही.

दुसरी किल्ली नव्हती हे वेगळं सांगायला नको. बाजारातून मिस्त्री आणला, त्यानं तारा जोडून दारावरच्या घंटेचं बटण बसवून दिलं. ट्रकवर चढवून आणू म्हटलं तर साडूभाऊंनी कान झाकून घेतले. नवं जनावर चालवतच आणायचं असतं म्हणे, म्हणजे वाट आणि मालक दोन्ही ओळखीचे होतात. मग काय, बैलगाडीच्या चालीनं, दर चढाला उतरून तिला पाणी पाजत निघालो. सोलापूरच्या अलीकडं नाक्यावर हवालदारानं अडवलं. कागद सगळे चोख. तो म्हणाला, "किल्ली कुठाय?"

"किल्ली मालकाकडं हाय," साडूभाऊ म्हणाले.

"अन् मालक कोण?"

"मीच की."

मी मनातल्या मनात जामिनाची तयारी केली. हवालदारानं आम्हाला खाली उतरवलं, सगळी हकीकत ऐकून घेतली, आणि त्याचा चेहराच बदलला. "दावं ठेवलं व्हय? मग सरळ सांगायचं ना!" त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली, मागच्या चाकाला बोटानं टोचून बघितलं, आणि जाता जाता विचारलं, "खोड काय हाय?"

आता ती गारखेड्यात साडूभाऊंच्या दारात उभी असते. म्हातारबाबा चेन्नईला, मुलीच्या फ्लॅटवर, दर रविवारी फोन करतात. परवाच्या रविवारी मी तिथंच होतो. पलीकडून आवाज आला, "अभी ठीक चलता? मेरे को भूल गया क्या?" साडूभाऊ म्हणाले, "कां भूलती साब! लई नखरा करती. मेरा हाथ उसको जमताच नै. तुम्हारी याद काढती." मग म्हातारबाबा हसले, आणि तिला कसं चुचकारायचं, कुठं हात फिरवायचा, ते कितीतरी वेळ समजावून सांगत राहिले. साडूभाऊ "हौ साब, हौ साब" करत ऐकत होते.

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "अहो, काल तर दौलताबादचा चढ तिनं हसत हसत काढला. अक्का पुढं बसून भजी खात होती. खोटं कशाला सांगता त्यांना?"

साडूभाऊ गाडीवरची धूळ पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "मग काय सांगू? इतक्या वर्सांची सोबत, अन् चार दिवसांत इसरली म्हणून?"

साडू-साडूंत असलं काही करायची रीत नसते, नाहीतर त्या दिवशी मी त्यांना मिठी मारली असती.