सरपंचाच्या गळ्यातली घंटी

घासाघीस केल्याशिवाय कडूबा काही घेत नाही. आमच्या पाचोडच्या बाजारात तो लांबून येताना दिसला की भाजीवाले आधीच भाव चढवून ठेवतात, म्हणजे त्यालाही उतरवल्याचं समाधान. माणूस गोड, पण खिशाला गाठ मारलेला. पोटापाण्याला मेंढरं, आणि मेंढरांच्या पुढं ‘सरपंच’ नावाचा बोकड. त्याच्या गळ्यातली घंटी वाजली की अख्खा कळप काही न विचारता मागं निघतो, म्हणून ते नाव.

ती जुनी घंटी यंदा फुटली. त्याची बायको बानाबाई म्हणाली, “शहरात गुलमंडीमागं अप्पाराव घंट्या करतो, त्याची आणा. हातानं ओतलेली असती.”

अप्पारावाचा भाव ऐकून कडूबाला घाम फुटला. बाजारात त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात चायनाची मिळत होती, चकचकीत, वर गोंडा फुकट.

“घंटीच हाय ना? बोकडाला काय कळतंय कुठली ते!”

बानाबाई गप्प बसली. ती गप्प बसली की मला, शेजारी असून, भीती वाटते. कडूबाला वाटत नाही, हीच त्याची खोड.

नवी घंटी त्यानं गावभर मिरवली. पलीकडच्या वस्तीवर रामप्रसाद मेंढरं राखतो, त्याला तर हाताला धरून दुकान दाखवलं. त्यानंही तीच घेतली.

मग एका संध्याकाळी दोघांचे कळप तळ्यावर एकत्र पाणी प्यायले. रामप्रसादचा बोकड आधी निघाला. तीच किणकिण ऐकून कडूबाची मेंढरंही त्याच्यामागं चालू लागली. कडूबा सरपंचाला घेऊन आपल्या वाटेनं पुढं, फोनवर मेव्हण्याला घंटीचा भाव सांगत. घंटी वाजत असताना मागं कशाला बघायचं?

घरी बानाबाई कुंपण उघडून उभी होती. आधी सरपंच आत शिरला. मग कडूबा. मग कोणीच नाही.

“बाकीची कुठं हाईत?”

कडूबानं वळून पाहिलं आणि तो कुंपणाबाहेर जाऊन हाका मारू लागला. सगळा संसार त्या मेंढरांवर. मला त्याची दया आली आणि हसूही आवरेना. तेवढ्यात रामप्रसादचा फोन आला. “कडूबाभाऊ, तुमची मेंढरं हितं आलीत. घंटी मातर लई भारी दाखवली राव!”

दुसऱ्याच दिवशी नवराबायको अप्पारावाच्या दुकानात. बानाबाईनं एकेक घंटी कानाशी धरून वाजवली आणि एक निवडली. अप्पारावानं भाव सांगितला. कडूबानं सवयीनं तोंड उघडलं, बायकोकडं पाहिलं, आणि भलतंच बोलला.

“अप्पा, रामप्रसाद आला तर त्याला अशीच देऊ नका बरं.”

अप्पाराव ओशाळला. “देऊ कुठून? अशी दुसरी ओतायला मला जमतच नाय. परतेकीचा आवाज येगळाच निघतो.”

अप्पारावानं सांगितला तेवढा भाव कडूबानं घासाघीस न करता मोजला.