खाडीच्या तोंडावरचा बांध

वडाळ्याच्या मिठागराजवळच्या तिवरांची ती केस माझ्या डोक्यातून अजून गेलेली नाही. शिक्षण माझं सातवी. शिपाई म्हणून भरती झालो, सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. तरी ती केस मी फोडली, हे कोणालाही छातीठोक सांगतो.

खबर दिली शीव कोळीवाड्यातल्या एका मावशीने. सकाळची हजेरी चालू असतानाच ती ठाण्यात आली.

"साहेब, आमची तिवरं सुकली. आत आमचा शेंदराचा देव आहे. झाडं गेली की भराव पडणार. मग देव कुठे नि आमची खाडी कुठे?"

पंचनाम्याला गेलो. झाडं उभ्या उभ्या वाळलेली, पण कुऱ्हाडीचा घाव एकावरही नाही. खाडीच्या तोंडावर मातीचा बांध. त्यामुळे तिवरांना जगवणारं भरतीचं पाणी आत येत नव्हतं. बाजूच्या जागेवरच्या बांधकामाचा ठेकेदार म्हणाला, "बांध मिठागराच्या काळातला आहे. झाडं आपोआप मेली, त्यात माझा काय गुन्हा?" हे खरं ठरलं असतं तर केस तिथेच बंद.

वनखात्याच्या मॅडम उपग्रहाचे फोटो घेऊन आल्या. मी तोंडावर म्हटलं, "आकाशातून चोर दिसत नाही, मॅडम."

"चोर तुम्ही बघा. मी झाडं दाखवते."

एकाच जागेचे महिन्यामहिन्याचे फोटो. शिमग्यापर्यंत हिरवं, पावसाच्या तोंडावर तपकिरी. मी हट्टाने सगळे पुन्हा लावायला सांगितले. शेवटच्या हिरव्या फोटोत खाडीच्या तोंडावर बारीक रेघ होती, आधीच्या एकातही नव्हती. म्हणजे बांध जुना नव्हे, नवाच; तो आधी आला, झाडं नंतर मेली. ठेकेदार खोटा पडला. पण बांध त्याने घातला, याला पुरावा हवा होता.

त्याचा रखवालदार मिठागरात आयुष्य काढलेला म्हातारा. चौकशीला बोलावला. दोन तास 'मला माहीत नाही' यापलीकडे शब्द नाही. चहा दिला, आणि त्याच्यासमोरच हवालदाराला म्हटलं, "बांध काय, कोणीही घालेल. डंपरने माती ओतली की झालं."

म्हाताऱ्याने कप खाली ठेवला. "ओतलेली माती पहिल्या उधाणात जाते, साहेब. चिखल पायाने तुडवायचा. थर सुकला की वर दुसरा."

"हा तसाच घातलाय?"

"अशी तुडवणी आता दुसऱ्या कोणाला येते?" बोलून गेला. मग हळूच म्हणाला, "शेठ म्हणाला पाणी अडव, झाडांचं तू बघू नकोस."

जबाब नोंदवला. ठेकेदाराला अटक केली. बांध फोडला त्या दिवशी भरतीचं पाणी थेट देवाच्या पायापर्यंत गेलं.

फोटोंनी खोटं उघडं पाडलं, ते श्रेय मॅडमचं. पण म्हाताऱ्याला कसं बोलतं करायचं ते मला कळलं. हाताच्या कामाला कोणी हलकं म्हटलं तर मलाही सहन होत नाही. माणूस तिथे बोलतो, हे मी त्या केसमध्ये शिकलो.

पुढच्या वर्षीच्या फोटोत हिरवे ठिपके दिसले. मावशीला मुद्दाम बोलावून दाखवले. तिने विचारलं, "देव दिसतो का हो यात?"

मॅडम म्हणाल्या, इतकं बारीक येत नाही. मी बोट ठेवलं, "हा इथे."

मावशीने माझं बोट धरून सरकवलं. "जरा डावीकडे, साहेब."